थ्रॉंग हा शब्द वाक्यात नीट कसा बसवायचा: स्टेप बाय स्टेप

गर्दीसाठी इंग्रजीत जरा वजनदार शब्द पाहिजे म्हणून बरेच जण थ्रॉंग उचलतात, आणि मग वाक्य होतं 'पीपल वेर थ्रॉंग्ड ऑन द रोड', नाहीतर 'देअर वॉज अ लॉट ऑफ थ्रॉंग', नाहीतर सगळ्यात भारी म्हणजे 'अ थ्रॉंग ऑफ क्राउड'. तिन्ही गंडलेली. अर्थ विचारला की सगळे बरोबर सांगतात, गर्दी, झुंबड, ठीके, पण वाक्यात घालायची वेळ आली की घोळ. आणि घोळाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, आपण मराठीत 'रस्त्यावर', 'हॉलमध्ये', 'स्टेशनात' असं म्हणतो आणि तो 'वर', 'मध्ये', 'त' जसाच्या तसा इंग्रजीत ढकलून देतो. या शब्दाला तो बऱ्याचदा नकोच असतो. खालच्या स्टेप्स क्रमानेच करा, मधली गाळली की पुढची हमखास चुकते.

आधी थोडी तयारी

इंग्रजीत विचार करायला बसू नका. जे म्हणायचंय ते साध्या मराठीत एका ओळीत लिहा आणि त्यातल्या तीन गोष्टींना खुणा करा: कोण आले, कुठे आले, आणि नक्की काय झालं, म्हणजे भरून गेलं, धाव घेतली, घेराव पडला, की नुसतंच 'गर्दी होती'. मी सगळीकडे हेच एक वाक्य वापरणारे, 'चाहत्यांनी विमानतळावर गर्दी केली'. कोण तर चाहते, कुठे तर विमानतळ. आता 'विमानतळावर' मधल्या 'वर' ला गोल करा. तो गोल पाचव्या स्टेपला लागणार आहे.

1. हा शब्द इथे लागतोय का, ते बघा

ही स्टेप कोणीच करत नाही. थ्रॉंगमध्ये तीन गोष्टी एकत्र येतात: माणसं खूप, दाटीवाटीने, आणि शक्यतो हलती किंवा लोटलेली. जर्मनमधला ड्रांग, म्हणजे रेटा, हा याच घराण्यातला शब्द आहे, त्यामुळे खांद्याला खांदा लागतोय हे चित्र डोक्यात ठेवलं की अर्धं काम झालं.

यावरून काय काय बाद होतं बघा. खुर्च्यांवर नीट बसलेले प्रेक्षक थ्रॉंग नाहीत, ते ऑडियन्स. शिस्तीत उभी असलेली रांग थ्रॉंग नाही, ती क्यू, भले ती दोन किलोमीटर लांब असो. चिडून दगड घेऊन आलेले लोक पण थ्रॉंग नाहीत, त्यांच्यासाठी मॉब आहे. आणि आकडा असा काही ठरलेला नाही, अरुंद जिन्यात अडकलेली 40 माणसं थ्रॉंग वाटतील आणि तीच 40 माणसं रिकाम्या स्टेडियममध्ये उभी केली तर कोणाच्या लक्षात पण येणार नाहीत. दाटी महत्त्वाची, मोजणी नाही.

आणि 'आज खूप गर्दी आहे' असं नुसतं सांगायचं असेल तर थ्रॉंगला हातच लावू नका, 'इट्स व्हेरी क्राउडेड टुडे' म्हणा, विषय संपला. आपल्याकडे 'टू मच रश' म्हणायची पण सवय आहे, पण इतर देशातल्या माणसाला रश म्हटलं की घाई किंवा ऑफिसच्या वेळेतली वर्दळ आठवते, नुसती गर्दी नाही.

सावधान: थ्रॉंग हा लिहिण्यातला शब्द आहे. बातमी, रिपोर्ट, वर्णन, निबंध यात शोभतो. मित्राला फोनवर 'आय ऍम स्टक इन अ थ्रॉंग' म्हणालात तर बातम्या वाचताय असं वाटेल.

2. स्पेलिंग आणि उच्चार आत्ताच पक्का करा

स्पेलिंग टी, एच, आर, ओ, एन, जी. यातला आर विसरला की जो शब्द उरतो तो ऑस्ट्रेलियात चप्पल आणि बाकी बऱ्याच ठिकाणी अगदी तोकडी अंडरवेअर. हसू नका, मी स्वतः एका कामाच्या मेलमध्ये गिऱ्हाइकांच्या झुंबडीऐवजी हे लिहून पाठवलंय, आणि स्पेलचेकने चकार शब्द काढला नाही कारण तो पण डिक्शनरीतला खराखुरा शब्द आहे. म्हणून मशीनवर विसंबू नका, पाठवायच्या आधी डोळ्यांनी आर शोधायचा.

उच्चारात दोन गोष्टी. सुरुवातीचा थ आपला 'थाळी' मधला नाही. आपला थ जिभेने दातांना टेकून हवेच्या झटक्याने येतो, तिथे जिभेचं टोक वरच्या-खालच्या दातांच्या फटीत हलकेच ठेवून हवा गळू द्यायची, आणि मध्ये कुठलाही स्वर न आणता लगेच र. 'थरॉंग' नाही. दुसरं म्हणजे शेवटचा ग. लिहिताना आपण ग लिहितो कारण दुसरी सोय नाही, पण तो म्हणायचा नसतो. 'रंग' म्हणा आणि ग यायच्या बरोबर आधी थांबा, नाकात जो आवाज राहतो तोच शेवट.

भूतकाळ करताना 'थ्रॉंगेड' असे दोन तुकडे करू नका, सगळा शब्द एका दमात, थ्रॉंग्ड. थ्रॉंगिंगमध्ये पण मधला ग गिळायचाच.

3. नाम करायचंय की क्रियापद, ते ठरवा

शब्द तोच, दोन्ही कामं करतो, आणि इथे न ठरवता पुढे गेलात तर 'द पीपल डिड थ्रॉंग' असलं काहीतरी होऊन बसतं. सोपी युक्ती: तुमच्या मराठी वाक्यात गर्दी ही एक वस्तू म्हणून येतेय का, जिच्यात शिरता येतं, जिच्यातून वाट काढता येते, जी दाराबाहेर उभी आहे? मग नाम, चौथ्या स्टेपला जा. की 'गर्दी केली', 'लोटले', 'झुंबड उडाली' अशी कृती आहे? मग क्रियापद, पाचवी स्टेप. आपलं चाहत्यांचं वाक्य क्रियापदाचं आहे, पण दोन्ही स्टेप्स वाचा.

4. नाम म्हणून वापरताना

आपली गर्दी मोजता येत नाही. 'खूप गर्दी', 'थोडी गर्दी' म्हणतो आपण, 'तीन गर्द्या' कोणी म्हणत नाही. थ्रॉंग मात्र मोजता येतो. म्हणून त्याला एकवचनात आधी अ किंवा द लागणारच, आणि अनेकवचन थ्रॉंग्ज होतं. 'मच थ्रॉंग', 'अ लॉट ऑफ थ्रॉंग', 'सम थ्रॉंग वॉज देअर' हे सगळं यामुळेच चूक, आपली 'खूप गर्दी' तिथे इंग्रजी कपडे घालून उभी असते.

साचा असा: 'अ थ्रॉंग ऑफ' आणि पुढे अनेकवचनी माणसं. 'अ थ्रॉंग ऑफ फॅन्स वेटेड आउटसाइड द एअरपोर्ट.' 'थ्रॉंग्ज ऑफ टुरिस्ट्स फिल्ड द स्क्वेअर.' ऑफच्या पुढे क्राउड कधीच नाही, कारण 'गर्दीची झुंबड' झालं ते, आत माणसं कोण आहेत ते सांगा: फॅन्स, रिपोर्टर्स, पॅसेंजर्स, शॉपर्स, काहीच सुचलं नाही तर पीपल. पीपल्स नाही. 'ह्यूज थ्रॉंग' चालतं, 'क्राउडेड थ्रॉंग' चालत नाही, दाट दाटी कशाला.

काही जोड्या पाठच करून टाका, म्हणजे दर वेळी नवीन वाक्य जुळवायला नको. 'पुश थ्रू द थ्रॉंग' म्हणजे गर्दीतून रेटत वाट काढणं. 'जॉइन द थ्रॉंग', गर्दीत सामील होणं. 'डिसअपिअर इंटू द थ्रॉंग', गर्दीत दिसेनासं होणं. या तिघांत द आहे, अ नाही, कारण कुठली गर्दी ते आधीच कळलेलं असतं.

मग वॉज की वेर? यावर लोक तासभर भांडू शकतात. 'अ थ्रॉंग ऑफ रिपोर्टर्स वॉज वेटिंग' आणि 'वेर वेटिंग', दोन्ही सापडतात. अख्खा घोळका एक म्हणून बघितला तर वॉज, त्यातली सुटी सुटी माणसं बघितली तर वेर, आणि ब्रिटिश लोक अशा समूहाच्या शब्दांना अनेकवचन द्यायला अमेरिकन लोकांपेक्षा जास्त तयार असतात. मी काय करतो, सरळ पळवाट काढतो. साधा भूतकाळ घेतो, 'अ थ्रॉंग ऑफ रिपोर्टर्स वेटेड', त्यात वॉज-वेरचा प्रश्नच येत नाही. परीक्षेत पण चालतं, मेलमध्ये पण चालतं.

चेक: थ्रॉंगच्या आधी अ किंवा द आहे का, किंवा शेवटी एस आहे का? दोन्ही नसेल आणि तुम्ही ते नाम म्हणून वापरलं असेल तर वाक्य चुकलंय.

5. क्रियापद म्हणून वापरताना, म्हणजे खरी गंमत इथे आहे

आता तो गोल केलेला 'वर' काढा. 'चाहत्यांनी विमानतळावर गर्दी केली.' बरेच जण लिहितात 'फॅन्स थ्रॉंग्ड ऑन द एअरपोर्ट' किंवा 'ऍट द एअरपोर्ट'. आता तो 'वर' खोडा. उरलं काय? 'फॅन्स थ्रॉंग्ड द एअरपोर्ट.' बस, हेच बरोबर वाक्य. थ्रॉंग जागेला थेट धरतो, मध्ये दलाल लागत नाही. मराठीत याच्या जवळ जाणारं वाक्य म्हणजे 'चाहत्यांनी विमानतळ भरून टाकला', बघा, तिथे आपण पण 'वर' लावत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की मराठी वाक्य इंग्रजीत न्यायच्या आधी 'वर गर्दी केली' चं 'भरून टाकलं' करून घ्या, अर्धी चूक तिथेच मरते.

'इन द स्ट्रीट्स' असं इन लावलेलं पण कुठे कुठे वाचायला मिळेल आणि ते काही गुन्हा नाही, पण ऑन आणि ऍट कानाला खटकतात, आणि ज्याला अजून शंका येतात त्याने ते गाळलेलंच बरं.

मग टू कधी लावायचा? जेव्हा लोक तिकडे निघालेत, धाव घेतायत हे सांगायचं असतं तेव्हा. 'फॅन्स थ्रॉंग्ड द एअरपोर्ट' म्हणजे विमानतळ त्यांनी भरलाय. 'फॅन्स थ्रॉंग्ड टू द एअरपोर्ट' म्हणजे विमानतळाकडे लोटले. पहिल्यात जागेचं चित्र, दुसऱ्यात वाटेचं. टूच्या पुढे कृती पण येते, 'पीपल थ्रॉंग्ड टू सी द कॉमेट', धूमकेतू बघायला झुंबड उडाली. दारातून आत घुसले असतील तर इंटू, 'शॉपर्स थ्रॉंग्ड इंटू द स्टोअर'.

एखाद्या माणसाभोवती किंवा वस्तूभोवती कोंडाळं झालं असेल तर अराउंड: 'रिपोर्टर्स थ्रॉंग्ड अराउंड द कॅप्टन.' 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये लोकांनी एखाद्याला थ्रॉंग केलं असं अराउंडशिवाय थेट लिहिलेलं आहे, पण आज अराउंड घातलेलं सेफ.

कर्ता कोण हे पण बघा. एकटा माणूस थ्रॉंग करू शकत नाही. 'आय थ्रॉंग्ड द स्टेशन' म्हणालात तर तुम्ही एकट्याने स्टेशन भरलं. 'वी थ्रॉंग्ड' चालेल, आपण बरेच असू तर.

सावधान: बातमीच्या मथळ्यात 'फॅन्स थ्रॉंग एअरपोर्ट' असं दिसतं, वर्तमानकाळ आणि द गायब. ती मथळ्याची भाषा आहे, जागा वाचवायला. परिच्छेदात तसंच्या तसं उचललं की व्याकरण तुटतं, तिथे थ्रॉंग्ड करा आणि द परत आणा.

6. जागेपासून वाक्य सुरू करायचं असेल तर

कधी कधी जागा पुढे आणायची असते, 'विमानतळ चाहत्यांनी फुलून गेला होता'. मग 'द एअरपोर्ट वॉज थ्रॉंग्ड विथ फॅन्स'. विथ, ऑफ नाही, फ्रॉम नाही. बाय पण बघायला मिळतो, पण विथ लावलं तर भरलेल्या जागेचं चित्र चांगलं येतं, आणि मला तेच आवडतं.

इथली चूक सगळ्यात जास्त होते म्हणून नीट बघा. 'पीपल वेर थ्रॉंग्ड ऍट द एअरपोर्ट.' का होते ही? कारण मराठीत 'लोक जमले होते', आणि इंग्रजीत 'पीपल वेर गॅदर्ड' हे बरोबर आहे, मग माणूस म्हणतो गॅदर्ड चालतं तर थ्रॉंग्ड का नाही. कारण थ्रॉंग्ड कोण होतं, तर जागा. माणसं थ्रॉंग करतात, जागा थ्रॉंग्ड होते. माणसांना वेर थ्रॉंग्ड लावलं तर अर्थ निघतो की लोकांच्याच अंगावर दुसऱ्या लोकांनी गर्दी केली.

चेक: वॉज किंवा वेर थ्रॉंग्ड लिहिलंय? त्याच्या आधीच्या शब्दाकडे बोट करा आणि विचारा, इथे उभं राहता येतं का? रस्ता, हॉल, चौक, प्लॅटफॉर्म असेल तर ठीक. फॅन्स, पीपल असतील तर वाक्य उलटं करा.

7. शेजारचे शब्द चुकून आत आले नाहीत ना

क्राउड हा साधा, कुठेही चालणारा, अडलात की त्याच्याकडे परत या. मॉबमध्ये राग आणि दंगा आहे, फक्त 'मॉब्ड बाय फॅन्स' हा प्रकार वेगळा, तिथे चाहत्यांनी प्रेमानेच गराडा घातलेला असतो. स्वॉर्म म्हटलं की माश्या-मुंग्या आठवतात, माणसांना लावला की कमी लेखल्यासारखं होऊ शकतं, विशेषतः स्थलांतर करणाऱ्या लोकांबद्दल लिहिताना तर लावूच नका. मल्टिट्यूड माणसांना पण चालतो आणि निर्जीव गोष्टींना पण, 'अ मल्टिट्यूड ऑफ रीझन्स' बरोबर, 'अ थ्रॉंग ऑफ रीझन्स' विचित्र.

हॉर्डमध्ये टोळधाडीचा वास आहे. तुर्की भाषांतल्या छावणी या अर्थाच्या ज्या शब्दावरून तो आलाय त्याच शब्दावरून उर्दू हे नाव पण आलंय, हे कळलं तेव्हा मला भारी वाटलं होतं. पण याचा एक जुळा आहे, उच्चार तोच आणि स्पेलिंग वेगळं. एच, ओ, आर, डी, ई म्हणजे टोळी. एच, ओ, ए, आर, डी म्हणजे साठा, दडवून ठेवलेला माल. ए दिसला की साठा. 'अ हॉर्ड ऑफ फॅन्स' लिहिताना चुकून ए आत शिरला तर चाहते कोणीतरी कपाटात साठवून ठेवलेत असं होतं.

अजून एक, चेंगराचेंगरीची बातमी लिहिताना थ्रॉंग वापरू नका, तो दुर्घटनेचा शब्द नाही. तिथे क्रश आहे. एका चौरस मीटरमध्ये 5 च्या वर माणसं झाली की धोका वाढत जातो असं गर्दीच्या सुरक्षेवर काम करणारे मानतात, आणि लोक बऱ्याचदा पळताना तुडवले जाऊन नाही तर उभ्या उभ्या दाबले जाऊन, श्वास कोंडून मरतात, म्हणून ते स्टँपीडपेक्षा क्रश म्हणणं पसंत करतात.

8. आता करून बघा

मराठी वाक्य वाचा, उत्तर झाका, आधी स्वतः लिहा.

'स्टेशनच्या जिन्यांवर प्रवासी दाटले होते.' एक तर 'पॅसेंजर्स थ्रॉंग्ड द स्टेअर्स', किंवा जिने पुढे आणून 'द स्टेअर्स वेर थ्रॉंग्ड विथ पॅसेंजर्स'. ऑन आला असेल तर पाचवी स्टेप परत.

'दुकान उघडायच्या आधीच बाहेर लांबलचक रांग लागली होती.' इथे थ्रॉंग टाकला असेल तर फसलात, 'अ लॉंग क्यू' एवढंच.

'तो गर्दीत दिसेनासा झाला.' 'ही डिसअपिअर्ड इंटू द थ्रॉंग.' अ थ्रॉंग लिहिलं असेल तर अर्धे मार्क.

'प्रदर्शन बघायला झुंबड उडाली.' मराठीत कोण ते सांगितलंच नाहीये, इंग्रजीत सांगावं लागतं, म्हणून 'पीपल थ्रॉंग्ड टू सी द एक्झिबिशन'.

'चिडलेल्या जमावाने गेट तोडलं.' मॉब.

'माझ्या डोक्यात विचारांची गर्दी झालीये.' इथे हात शिवशिवतात, आणि कवी लोक थ्रॉंग ऑफ थॉट्स लिहितात पण. कविता लिहीत असाल तर खुशाल लिहा. सुट्टीच्या अर्जात नको.